चिमूटभर चंद्रमाती

ग्रहविज्ञान हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे अग्निबाण उभा राहतो. उलटी गणती, धुराचे लोट, टाळ्यांचा कडकडाट. पण चंद्राविषयी जे काही आज आपल्याला ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं ज्यांनी शोधून काढलं, त्यांच्यातल्या अनेकांचा अग्निबाणाशी कधी संबंधच आला नाही. त्यांच्या टेबलावर दगडाची एक कपची होती, नाहीतर आकड्यांची एक जंत्री. ती कपची त्यांच्यापर्यंत पोहोचली कशी? कुणी दिली, कुणाला दिली, का दिली? आज मला हा इतिहास सांगायचा आहे.

मी बरीच वर्षं महाविद्यालयात भूशास्त्र शिकवत होतो. दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी विचारायचाच, ‘सर, ग्रहांवर काम करायचं आहे, पण आम्हाला तिथं संधी कुठं आहे?’ या प्रश्नाचं माझ्यापाशी जे उत्तर आहे, ते याच इतिहासात दडलेलं आहे.

२० जुलै १९६९ रोजी ‘अपोलो-११’ चंद्रावर उतरलं आणि २४ जुलैला तिघे अंतराळवीर पृथ्वीवर परतले. त्यांनी साडेएकवीस किलो दगड आणि माती आणली होती. चंद्रावरून एखादा रोगजंतू आला तर काय घ्या, या भीतीनं माणसांना आणि दगडांनाही ह्यूस्टनच्या खास प्रयोगशाळेत वेगळं ठेवलं गेलं. हा ऐवज अमेरिकेनं अफाट पैसा ओतून मिळवला होता. तो स्वतःच्या तिजोरीत ठेवला असता तर कुणी नावं ठेवली नसती. पण ‘नासा’नं चंद्रावर जाण्याआधीच शास्त्रज्ञांकडून प्रस्ताव मागवले होते. तुम्हाला कपची मिळाली तर तुम्ही तिचं काय कराल, एवढाच प्रश्न होता. त्यातून १४०हून अधिक प्रमुख संशोधक निवडले गेले. त्यांत अमेरिकेबाहेरचेही होते.

कपच्यांचा हिशेब मात्र सोनाराच्या दुकानासारखा चोख होता. नमुना मिळायचा तो उसना. मालकी अमेरिकी सरकारचीच. कित्येकदा वजन ग्रॅमपेक्षाही कमी. प्रत्येक तुकड्याला क्रमांक, आणि प्रयोग झाल्यावर उरलेलं साभार परत. १९७०च्या जानेवारीत हे सारे संशोधक ह्यूस्टनमध्ये जमले आणि प्रत्येकानं आपापले निष्कर्ष मांडले. चंद्रविज्ञानाची ही पहिली परिषद. ती पुढं दरवर्षी भरू लागली आणि १९७८ साली तिच्या नावात चंद्राच्या जोडीला ग्रहही आले. ग्रहविज्ञान नावाची बिरादरी खऱ्या अर्थानं तिथं उभी राहिली.

त्या पहिल्या परिषदेत काय निघालं? चंद्रावरचा काळा बेसॉल्ट साडेतीन अब्ज वर्षांपेक्षाही जुना निघाला. जिवाचा मागमूस नव्हता. पाणी तर जवळजवळ नव्हतंच. आणि अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन वुड यांना काळ्या मातीत काही पांढुरके कण दिसले. मूठभर मातीतले ते बारीक कण पाहून वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केवढं मोठं अनुमान काढलं! चंद्र जन्मला तेव्हा त्याचा वरचा थर वितळलेल्या खडकाचा समुद्र असला पाहिजे. जड खनिजं तळाला गेली आणि हलकी पांढरी खनिजं दुधावरच्या सायीसारखी वर आली. त्याच सायीचे हे तुकडे. श्रोत्यांनी हे पांढरे कण लक्षात ठेवावेत, मी पुन्हा त्यांच्याकडे येणार आहे.

तो शीतयुद्धाचा काळ होता. १९७०च्या सप्टेंबरात सोव्हिएत रशियाच्या ‘लूना-१६’ या यानानं माणसाविना चंद्रावरची सुमारे १०० ग्रॅम माती आणली. एरवी एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसलेल्या या दोन देशांनी १९७१ साली चंद्रमातीची देवाणघेवाण केली. सोव्हिएतांनी ‘लूना-१६’ची तीनेक ग्रॅम माती दिली आणि अमेरिकेनं ‘अपोलो-११’ व ‘अपोलो-१२’ची साधारण तेवढी-तेवढी. शेजारणींमध्ये वाटीभर साखर इकडून तिकडे जावी तसा हा प्रकार. पण त्यामुळं दोन्हीकडच्या शास्त्रज्ञांना चंद्राच्या वेगवेगळ्या जागांची तुलना करता आली.

यातली एक कपची आपल्या मुंबईतही आली. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांच्या काळापासून विश्वकिरणांचा अभ्यास चालू होता. तिथल्या देवेंद्र लाल यांच्या गटानं अपोलोच्या नमुन्यांवर काम केलं. पद्धत ऐकाल तर नवल वाटेल. अवकाशातून येणारे लोहासारखे जड अणुगर्भ खनिजाच्या स्फटिकात घुसतात आणि आपल्या वाटेवर सूक्ष्म इजा करून जातात. तो स्फटिक योग्य रसायनात बुडवला की इजा झालेली जागा आधी झिजते आणि अदृश्य वाट सूक्ष्मदर्शकाखाली रेघेसारखी दिसू लागते. त्या रेघा मोजायच्या. रेघा जितक्या जास्त, तितका तो कण चंद्राच्या पृष्ठभागावर उघडा पडून राहिलेला. शिवाय लाखो वर्षांपूर्वी सूर्याकडून आणि दूरच्या ताऱ्यांकडून कसे किरण येत होते, हेही त्यातून कळतं.

यासाठी महाकाय यंत्रांची गरज नव्हती. रसायन, सूक्ष्मदर्शक, तीक्ष्ण नजर आणि चिकाटी एवढं भांडवल पुरेसं होतं. १९७१च्या चंद्रपरिषदेच्या ग्रंथात मुंबईच्या या गटाचं काम प्रसिद्ध झालं. ज्या देशाला तोवर स्वतःचा साधा उपग्रहही सोडता आला नव्हता, त्या देशातली माणसं चंद्राचा इतिहास वाचत होती! १९७२ साली लाल अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि हे काम तिकडे रुजलं. लाल यांच्याच परंपरेत घडलेले जे. एन. गोस्वामी पुढं ‘चांद्रयान-१’चे प्रमुख शास्त्रज्ञ झाले. चिमूटभर मातीतून केवढं झाड उगवलं ते पाहा.

अपोलोच्या सहा मोहिमांनी मिळून ३८२ किलो ऐवज आणला. मला सर्वांत कौतुक वाटतं ते त्यातला काही भाग मुद्दाम न उघडण्याचं. आज आपल्यापाशी जी यंत्रं आहेत त्यांपेक्षा चांगली यंत्रं उद्याच्या पिढीपाशी असतील, असा विचार त्यामागं होता. १९७२च्या डिसेंबरात ‘अपोलो-१७’च्या वीरांनी जमिनीत नळी ठोकून काढलेल्या मातीचा वरचा भाग २०१९ साली उघडला गेला. खालचा भाग चंद्रावरच हवाबंद केलेला होता, तो २०२२ साली. त्यासाठी नऊ संशोधकगट निवडले होते. नळी बंद झाली तेव्हा त्यातल्या अनेकांचा जन्मही झालेला नव्हता. आजोबांनी लावलेल्या आंब्याची फळं नातवानं खावीत, तसंच हे.

थांबण्याचा फायदा काय, हे २००८ साली दिसलं. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाचे अल्बर्टो साल आणि त्यांचे सहकारी यांनी अपोलोनं आणलेले ज्वालामुखीय काचेचे मणी नव्या, अधिक संवेदनशील यंत्रानं तपासले आणि त्यांच्या आत पाण्याचे अंश सापडले. माती तीच होती, नजर बदलली होती.

आता आपल्या यानाकडे येऊ. १५ ऑगस्ट २००३ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी लाल किल्ल्यावरून चांद्रमोहिमेची घोषणा केली. यानात स्वतःची उपकरणं बसवल्यावर जागा आणि वजन उरत होतं. ‘इस्रो’नं काय करावं? जगातल्या शास्त्रज्ञांना जाहीर निमंत्रण दिलं, की तुमचं उपकरण घेऊन या. आलेल्या प्रस्तावांतून सहा विदेशी उपकरणं निवडली गेली. तीन युरोपीय अंतराळ संस्थेमार्फत, दोन अमेरिकेची आणि एक बल्गेरियाचं. भारताची स्वतःची पाच. १९७० साली ज्यांनी कपची मागितली होती, तेच आता दुसऱ्यांना आपल्या गाडीत बसायला जागा देत होते.

२२ ऑक्टोबर २००८ रोजी यान निघालं. अमेरिकी उपकरणांपैकी एकाच्या प्रमुख होत्या ब्राऊन विद्यापीठाच्या कार्ल पीटर्स. परत आलेल्या प्रकाशाचा वर्णपट तपासून खनिजं ओळखण्याचं हे उपकरण. त्यात सुमारे ३ मायक्रॉन तरंगलांबीला पाण्याची खूण दिसू लागली. चंद्र कोरडा ठणठणीत, हे तर चाळीस वर्षं सगळ्यांना पाठ. त्यामुळं पहिला संशय उपकरणावरच. १९९९ साली शनीकडे जाताना चंद्राजवळून गेलेल्या ‘कॅसिनी’ यानाची जुनी निरीक्षणं तपासली गेली. दुसरं एक यान, ‘डीप इम्पॅक्ट’, २००९च्या जूनमध्ये चंद्राजवळून जाताना त्याच्याकडूनही खातरजमा केली गेली. तिघांची साक्ष जुळली आणि सप्टेंबर २००९मध्ये बातमी जगभर झाली. त्याआधीच, ऑगस्टअखेर, ‘चांद्रयान-१’शी संपर्क तुटला होता.

यान गेलं, पण त्यानं पाठवलेली माहिती राहिली, आणि ती खुली राहिली. २०१८ साली हवाई विद्यापीठातले शुआई ली आणि सहकारी यांनी त्याच उपकरणाची जुनी माहिती नव्यानं चाळली आणि चंद्राच्या ध्रुवांजवळच्या अंधाऱ्या खळग्यांत उघड्यावर पडलेल्या बर्फाचा थेट पुरावा मांडला. यान मुकं होऊन नऊ वर्षं झाली होती!

म्हणून विद्यार्थ्यांना मी सांगतो, संधी शोधायला श्रीहरिकोट्याला जायलाच हवं असं नाही. ‘चांद्रयान-२’च्या कक्षायानानं पाठवलेली माहिती इस्रोनं डिसेंबर २०२० पासून खुली करायला सुरुवात केली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘चांद्रयान-३’ उतरलं आणि बरोबर एका वर्षानं त्याचीही माहिती सर्वांसाठी उपलब्ध झाली. नाव नोंदवायचं आणि उतरवून घ्यायची. गावातल्या महाविद्यालयात बसूनही हे करता येतं.

आणि आता ते पांढरे कण. ‘चांद्रयान-३’च्या ‘प्रज्ञान’ गाडीनं दक्षिण ध्रुवाकडच्या भागात २३ ठिकाणी मातीची रासायनिक तपासणी केली. अहमदाबादच्या प्रयोगशाळेतल्या गटानं ऑगस्ट २०२४मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ती माती त्याच पांढऱ्या सायीच्या जातीची निघाली. १९७० साली मूठभर मातीवरून बांधलेला अंदाज, चंद्राच्या अगदी वेगळ्या टोकाला चोपन्न वर्षांनी पुन्हा टिकला. अमेरिकेनं कपच्या वाटल्या नसत्या, तर हा धागा अहमदाबादपर्यंत आला असता का?

घराजवळची संधीही विसरू नये. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार हे बेसॉल्ट खडकात अशनीच्या आघातानं तयार झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. चंद्रावर आणि मंगळावर बेसॉल्ट मुबलक, पृथ्वीवर मात्र बेसॉल्टमधली विवरं फार थोडी. हे विवर ज्वालामुखीचं की आघाताचं, हा वाद १९७३ साली मिटला तो भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी मिळून तळ्याचा तळ विंधून काढलेल्या नमुन्यांमुळं. प्रचंड दाबानं काच झालेलं खनिज त्यात सापडलं. त्याचं वय मात्र एका पद्धतीनं सुमारे ५२ हजार वर्षं आलं आणि २०११ साली दुसऱ्या पद्धतीनं सुमारे ५ लाख ७० हजार. म्हणजे तिथला प्रत्येक दगड अजून काही सांगू शकतो. सहलीला गेल्यावर तो खिशात घालून आणू नये, हे जाता जाता सांगतो.

शेवटी थोडं पुढचं. चीननं ‘चांग-अ-५’मधून २०२० साली १,७३१ ग्रॅम चंद्रमाती आणली. एप्रिल २०२५मध्ये तिचे नमुने सहा देशांतल्या सात संस्थांना देण्याचं जाहीर झालं. त्यांत अमेरिकेतल्या दोन संस्था आहेत आणि पाकिस्तानचीही एक आहे. सरकारांचं एकमेकांशी पटो न पटो, चंद्रमाती आपली वाट काढते.

आपल्या ‘चांद्रयान-४’ला केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२४मध्ये मंजुरी दिली आहे. चंद्रावरची माती भारतात आणणं हे तिचं उद्दिष्ट. ती येईल त्या दिवशी आपण टाळ्या वाजवूच. पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सुरू होईल. ती माती किती जणांच्या हाती पडते? मोठ्या संस्थांबरोबर एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातल्या चांगल्या प्रस्तावाचाही विचार होतो का? शेजारच्या देशातल्या संशोधकाला कपची मिळते का? आणि अजून न जन्मलेल्या मुलांसाठी एखादी नळी आपण न उघडता ठेवतो का? पन्नास वर्षांपूर्वी आपल्याला चिमूटभर माती उसनी मिळाली होती. तिची परतफेड करायची, तर ती अशीच करता येईल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)