फसलेल्याच्या बाजूने

ठकांच्या सिनेमाचा अभ्यास अकोटच्या वाचकाला परका वाटण्याचं कारण नाही. बोगस बियाण्याचं पाकीट, सावकाराने करून घेतलेला कागद, पैसे दुप्पट करून देणारी योजना यांच्या गोष्टी या कापूसपट्ट्यात घरोघरी ऐकायला मिळतात. त्या ऐकलेल्या माणसाचं इथे मनापासून स्वागत आहे. त्याची निम्मी तयारी आधीच झालेली आहे.

अमेरिकेतल्या काही काळोख्या गुन्हेपटांना फ्रेंच समीक्षक निनो फ्रँक यांनी १९४६ साली ‘फिल्म न्वार’ म्हटलं. पुढच्याच वर्षी त्याच जातकुळीचा, एडमंड गोल्डिंग यांचा ‘नाइटमेअर अ‍ॅली’ आला. जत्रेतल्या खेळात काम करणारा स्टॅन मन ओळखण्याची विद्या शिकतो. तिचं गुपित साधं आहे: सहकारी विचारते त्या प्रश्नाच्या शब्दांतच उत्तर दडलेलं असतं. पुढे तो मृतांशी बोलण्याचा दावा करू लागतो. श्रीमंत, म्हाताऱ्या ग्रिंडलला गेलेली प्रेयसी एकदा डोळ्यांनी पाहायची असते. स्टॅन आपल्या बायकोला, मॉलीला, त्या प्रेयसीचं सोंग घ्यायला लावतो. म्हातारा गुडघे टेकतो आणि मॉलीला ते सोसवत नाही. सोंग तिथेच मोडतं. श्रीमंत रुग्णांची गुपितं पुरवणारी मानसतज्ज्ञ लिलिथ अखेर स्टॅनलाच नागवते.

आपल्याकडे फसवणुकीच्या सिनेमाची ही वाट त्याआधीच पडली होती. बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली कोल्हापुरात ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. कथा ना. ह. आपटे यांची, सावकारापायी जमीन गमावून शहरात गिरणीकामगार होणारा तरुण शेतकरी व्ही. शांताराम यांनी केला. मूळ मूकपट आज उपलब्ध नाही, ही फार मोठी हानी आहे. त्यातली अंधुक उजेडातली झोपडी आणि रडणारं कुत्रं चित्रपटकार जे. बी. एच. वाडिया यांच्या आठवणीत मात्र राहिलं. ‘श्री ४२०’ (१९५५) मध्ये शंभर रुपयांत घर मिळेल या खोट्या आशेने गरीब रांग लावतात. त्या पटकथेत लेखक ख्वाजा अहमद अब्बास यांच्यासोबत व्ही. पी. साठे होते.

या क्षेत्रातलं बरंचसं लेखन ठकाच्या हुशारीवर लुब्ध आहे. मला ते अपुरं वाटतं. ग्रिंडलला दुःख आहे, शेतकऱ्याला गरज आहे, रांगेतल्यांना छप्पर हवं आहे. ठक शिरतो तो याच दाराने. म्हणून ‘नाइटमेअर अ‍ॅली’ दोनदा पाहावा. दुसऱ्या वेळी स्टॅनवरची नजर काढून ग्रिंडलच्या चेहऱ्यावर ठेवावी.