वेतनकपात, संघनिष्ठा आणि हिशेबाची वही : फुटबॉलपटूंनी पगार सोडावा का?

१/ ऑगस्ट २०२५ मध्ये बेंगळुरू एफसी या क्लबने मुख्य संघातील खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे वेतन अनिश्चित काळासाठी स्थगित केले. पाठोपाठ चेन्नईयिन एफसीनेही तोच मार्ग धरला. इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम होणार की नाही, हेच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. तेव्हापासून एक प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतो : संघ अडचणीत असेल, तर व्यावसायिक फुटबॉलपटूंनी आपले वेतन कमी करून घ्यावे का? आजचा थ्रेड या प्रश्नाच्या इतिहासाविषयी.

२/ या प्रश्नाला सहसा दोन उत्तरे मिळतात. एक भावनेचे : ज्या संघाने नाव दिले, त्याच्यासाठी दोन पैसे सोडायला काय हरकत आहे? दुसरे व्यवहाराचे : करार तो करार, त्यातला एक रुपयाही कमी होता कामा नये. दोन्ही उत्तरांत तीन गोष्टी सुटतात. तोटा कोणामुळे झाला? हिशेब कोणी पाहिला? आणि सोडलेला पैसा शेवटी गेला कुठे? हे तीन प्रश्न महाराष्ट्राला नवे नाहीत. ते शंभर वर्षांपूर्वी गिरणगावात विचारले गेले होते.

३/ सन १९२५. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतरच्या तेजीत मुंबईच्या कापडगिरण्यांनी भरघोस लाभांश वाटला होता. मग मंदी आली आणि जपानी मालाची स्पर्धा वाढली. गिरणीमालकांनी जाहीर केले की, सप्टेंबरपासून कामगारांच्या मजुरीत ११.५ टक्के कपात होईल. युक्तिवाद आजच्यासारखाच होता : धंदा टिकला तर तुम्ही टिकाल. तेजीतील नफ्याच्या वाटणीत मात्र ‘आपण सारे एक’ हा विचार कोणाला सुचला नव्हता.

४/ सप्टेंबरच्या मध्यापासून सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. मालकांचे खरे भांडण मात्र कामगारांशी नव्हतेच. हिंदुस्थानी कापडावर सरकार ३.५ टक्के अबकारी कर घेत असे. मँचेस्टरच्या हितासाठी लादलेला हा कर रद्द व्हावा, ही मालकांची जुनी आणि रास्त मागणी होती. डिसेंबर १९२५ च्या आरंभी सरकारने तो कर स्थगित केला आणि मालकांनी मजुरी पूर्ववत केली. संप मिटला.

५/ या घटनेचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. भांडण मालक आणि सरकार यांचे. सुमारे अडीच महिने चूल विझली ती कामगाराची. मजुरीतील कपात हा केवळ काटकसरीचा उपाय उरला नव्हता. तिसऱ्या पक्षावर दबाव आणण्याचे ते साधनही ठरले. ‘सर्वांनी झळ सोसावी’ असे कोणी म्हणते, तेव्हा ही झळ नेमकी कोणाच्या वादातून आली, हे आधी विचारावे, हा १९२५ चा धडा आहे.

६/ दुसरा धडा संघटनेचा. या संपात ना. म. जोशी यांच्यासारखे नेते कामगारांच्या बाजूने उभे होते. पण गिरणी कामगारांची एकत्रित, भक्कम संघटना नव्हती. ती उणीव जाणवली आणि जानेवारी १९२६ मध्ये जोशींच्या अध्यक्षतेखाली बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन स्थापन झाली. १९२८ मध्ये गिरणी कामगार युनियन उभी राहिली. त्याग करायचा असो वा नाकारायचा असो, एकट्या माणसाची संमती ही बहुधा संमती नसतेच. ती अगतिकता असते.

७/ आता फुटबॉलकडे. या खेळाच्या मायभूमीत, इंग्लंडमध्ये, ‘संघाच्या भल्यासाठी कमी वेतन’ हा साठ वर्षे चाललेला नियमच होता. १९०१ मध्ये खेळाडूच्या वेतनावर आठवड्याला ४ पौंडांची कमाल मर्यादा घातली गेली. श्रीमंत क्लबांनी सगळे खेळाडू पळवू नयेत, लहान क्लब जगावेत, हा त्यामागचा घोषित हेतू. हेतू वाईट नव्हता. परंतु या नियमामुळे वाचलेला पैसा क्लबांकडेच राहिला. प्रेक्षक लाखांनी येत होते आणि ज्यांना पाहायला ते येत, त्यांची मिळकत एका रेषेपुढे जाऊ शकत नव्हती.

८/ १९०७ मध्ये बिली मेरेडिथ आणि सहकाऱ्यांनी मँचेस्टरमध्ये खेळाडूंची संघटना स्थापली. १९०९ मध्ये तिचे सदस्यत्व सोडण्यास नकार देणाऱ्या मँचेस्टर युनायटेडच्या खेळाडूंना निलंबित करण्यात आले. त्यांनी स्वतःला ‘आउटकास्ट्स’, म्हणजे बहिष्कृत, असे नाव घेतले. १९२२ मध्ये तर कमाल वेतन ९ पौंडांवरून ८ वर आणले गेले. ही मर्यादा उठली ती थेट जानेवारी १९६१ मध्ये, जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंनी संपाची तयारी केल्यावर. तेव्हा ती होती आठवड्याला २० पौंड. काही महिन्यांत फुलहॅमचे जॉनी हेन्स १०० पौंडांवर पोहोचले.

९/ आपल्याकडे हा प्रश्न बराच काळ उद्भवलाच नाही, कारण आपला फुटबॉलपटू वेतन घेत असे ते नोकरीचे. रेल्वे, बँका, तेलकंपन्या, विमानकंपन्या, गिरण्या यांचे संघ असत. मुंबईत टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्रा ही नावे कूपरेज मैदानाशी जोडलेली आहेत. आमचे गोंदिया जंक्शन ज्या बंगाल–नागपूर रेल्वेवर वाढले, तिचाही संघ कोलकात्याच्या मैदानांत नावाजलेला होता. असा खेळाडू सामना हरला तरी त्याचा पगार हजेरीपटावर ठरे. बूट टांगले तरी खुर्ची शाबूत राही.

१०/ ही व्यवस्था आदर्श होती, असे नाही. तिच्यात पैसा कमी होता आणि खेळाडूला बाजारमूल्य नव्हते. परंतु संघाचा तोटा खेळाडूच्या चुलीपर्यंत पोहोचत नसे. १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग, २००७ मध्ये आय-लीग आणि २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. नोकरीची जागा कराराने घेतली. रक्कम वाढली, हमी गेली. आणि ‘क्लब अडचणीत आहे’ हे वाक्य पहिल्यांदाच खेळाडूच्या घरखर्चाशी जोडले गेले.

११/ पुढे काय झाले? महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती. कंपनीने निर्णय घेतला आणि २००९-१० च्या हंगामानंतर हा संघ बंद झाला. २०११ मध्ये पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा फगवाड्याचा जेसीटी संघही संपला. २०१६ मध्ये गोव्याचे साळगावकर, स्पोर्टिंग आणि पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवणारा धेंपो हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. भारतीय फुटबॉलच्या भावी रचनेत आपल्याला स्थान उरले नाही, ही त्यांची तक्रार होती.

१२/ पुण्याची कथा अधिक बोलकी आहे. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स आणि एफसी पुणे सिटी असे चार व्यावसायिक संघ २०१५ ते २०१९ या पाच वर्षांत एकामागून एक मिटले. यांपैकी पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर होता. पुणे सिटीच्या जागी हैदराबाद एफसी आला, त्याने २०२१-२२ चे विजेतेपद मिळवले, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तोही थकलेल्या वेतनांच्या वादात सापडला. चषक जिंकणे ही वेतनाची हमी नव्हे, हे एवढ्यावरून कळते.

१३/ या यादीकडे पाहून स्वतःला विचारावे : यांपैकी कोणता संघ खेळाडूंनी २० टक्के वेतन सोडले असते तर वाचला असता? उद्योगसमूहाने हात काढून घेणे, प्रवर्तकाचा मूळ व्यवसाय कोसळणे, लीगची रचना बदलणे ही कारणे खेळाडूच्या पगारपत्रकात नव्हती. जे दुखणे पगारात नाही, ते पगारकपातीने बरे होत नाही.

१४/ याउलट उदाहरणही प्रामाणिकपणे पाहू. बार्सिलोनाच्या खेळाडूंनी मार्च २०२० मध्ये कोविडच्या काळात ७० टक्के कपात स्वीकारली आणि इतर कर्मचाऱ्यांना पूर्ण वेतन मिळावे म्हणून वेगळा वाटाही उचलला. येथे दुखणे खरोखरच पगारात होते : ऑगस्ट २०२१ मध्ये अध्यक्ष लापोर्ता यांनी सांगितले की, वेतनाचा भार एकूण उत्पन्नाच्या १०३ टक्के झाला आहे. मेस्सीला क्लब सोडावा लागला. नव्या खेळाडूंची नोंदणी व्हावी म्हणून पिकेने वेतन कमी करून घेतले. अशा ठिकाणी कपात समजण्यासारखी आहे. मात्र ते फुगलेले करार ज्या व्यवस्थापनाने केले, त्याची जबाबदारी त्याने पुसली जात नाही.

१५/ आर्सेनलचे उदाहरण अधिक अस्वस्थ करणारे आहे. एप्रिल २०२० मध्ये तेथील बहुतेक खेळाडूंनी १२.५ टक्के कपात मान्य केली. मेसुट ओझिलने नकार दिला. पैसा कुठे जाणार याची पुरेशी माहिती नाही, हा त्याचा मुद्दा. त्याच्यावर टीकेची झोड उठली. ऑगस्टमध्ये क्लबने ५५ कर्मचाऱ्यांना कमी करण्याचा प्रस्ताव जाहीर केला. ओझिलच्या गडगंज वेतनाविषयी कोणाचे काहीही मत असो, त्याचा प्रश्न योग्य होता.

१६/ त्याच वर्षी भारतात काय झाले? ईस्ट बंगालच्या तत्कालीन गुंतवणूकदार कंपनीने ‘अपरिहार्य आपत्ती’चे कलम पुढे करून खेळाडूंचे करार मुदतीपूर्वीच संपवले. आपल्याकडे २००६ पासून भायचुंग भुतिया यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली खेळाडूंची संघटना आहे. तिने विरोध केला. परंतु युरोपात निदान वाटाघाटीचे टेबल होते. येथे खेळाडूपर्यंत आले ते पत्र.

१७/ आता पुन्हा २०२५. महासंघ आणि रिलायन्सशी संबंधित कंपनी यांच्यातील १५ वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता. नव्या कराराचे घोडे अडले, लीग थांबली, नोव्हेंबरमध्ये व्यावसायिक हक्कांच्या निविदेला एकही बोली आली नाही. जानेवारी २०२६ मध्ये छेत्री, संधू, झिंगन यांच्यासारख्या खेळाडूंना जाहीर आवाहन करावे लागले. वाद महासंघ, कंपनी आणि क्लबमालक यांचा. वेतन थांबले खेळाडूचे. १९२५ ची मुंबई आठवत नाही काय?

१८/ तरीही दुसरी बाजू हलकी नाही. क्लब बुडाला तर केवळ स्टार खेळाडू बुडत नाही. मैदान राखणारा माळी, मालिशवाला, अकादमीतला चौदा वर्षांचा मुलगा, हेही बुडतात. भरपूर मिळवणाऱ्याने काही सोडले आणि त्यातून यांचे वेतन टिकले, तर तो त्याग खरा आहे आणि त्याला मान दिला पाहिजे. गिरणी कामगार आणि कोटीचा करार असलेला खेळाडू यांना एकाच मापाने मोजणे हा इतिहासाचा गैरवापर ठरेल. पण प्रत्येक फुटबॉलपटू कोटीचा नसतो, आणि पस्तिशीपर्यंत बहुतेकांची कारकीर्द संपलेली असते.

१९/ आमच्या जिल्ह्यात विड्या वळणाऱ्या बायांना एक शब्द चांगला ठाऊक आहे : ‘छाट’. वळलेल्या विड्यांपैकी काही खराब ठरवून बाजूला काढायच्या आणि त्यांची मजुरी द्यायची नाही. खराब कोणत्या, हे ठरवणार घेणारा. तोटा सोसणार वळणारी. हा वाद इतका जुना आणि व्यापक होता की, १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याला या छाटीची दखल घ्यावी लागली. तोटा किती आणि कोणाचा, हे ठरवण्याचा अधिकार एकाच बाजूकडे असेल, तर प्रत्येक कपात शेवटी छाट होते.

२०/ म्हणून माझे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दाचे नाही. ते तीन अटींचे आहे.
पहिली, हिशेब : जमाखर्च खेळाडूंच्या संघटनेपुढे आधी मांडावा, मगच कपातीचे नाव काढावे.
दुसरी, परतफेड : सोडलेले वेतन शक्यतो उसने मानावे, क्लब सावरला की ते परत मिळावे, तारखेसह आणि लेखी.
तिसरी, क्रम : आधी मालक व पदाधिकारी, मग मोठे करार, आणि तळातल्या माणसाला हात शेवटपर्यंत लावू नये.

२१/ या अटी पाळल्या जात असतील, तर खेळाडूने वेतन सोडावे. तो संघाचा भागीदार ठरेल. त्या पाळल्या जात नसतील आणि त्याने नकार दिला, तर त्याला कृतघ्न म्हणू नये. निष्ठा ही दुतर्फा असते. ज्या क्लबला हंगाम संपताच खेळाडूचा करार मोडता येतो, त्याने अडचणीच्या दिवशी त्याच्याकडे घराण्याच्या अभिमानाची भाषा बोलू नये.

थ्रेड समाप्त. कामठी, नागपूर, मुंबई किंवा गोव्याच्या मैदानांवर कंपनीच्या संघातून खेळलेले कोणी आपल्या घरात असेल, तर त्या काळच्या वेतनाविषयी आणि नोकरीविषयी खाली जरूर लिहा. हा इतिहास अजून बराचसा माणसांच्या स्मरणातच आहे.