व्यापारी संकुले, महाराष्ट्रातील

व्यापारी संकुल : किरकोळ विक्रीची अनेक दुकाने व त्यांना लागणाऱ्या साठवण, वाहनतळ, स्वच्छता, सुरक्षितता इ. सोयी एकाच आराखड्यानुसार व सामान्यतः एकाच व्यवस्थापनाखाली एकत्र आणणारी वास्तू अथवा वास्तुसमूह. आठवडे बाजार, पेठ व मंडई ही त्याची पूर्वरूपे होत. बाजार वाढतो तो रहदारीच्या सोयीमुळे आणि टिकतो तो विक्रेत्यास परवडणाऱ्या दराने बसावयास जागा मिळाल्यामुळे. जुन्या बाजारात या दोन्ही गोष्टी बहुधा वहिवाटीने ठरत. आधुनिक संकुलात त्या आराखड्यातच आधी निश्चित केल्या जातात. त्या कोणी व कोणासाठी निश्चित करावयाच्या, हा या संस्थेच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे. मोठ्या शहरांइतकाच तो नासिक जिल्ह्यातील घोटीसारख्या रस्त्यावरच्या पेठांनाही लागू पडतो.

पूर्वपीठिका : मराठेशाहीत नवी पेठ वसविणे हे एक प्रकारचे नियोजनच होते. शेटे-महाजन हे पेठेचे वतनदार असत. त्यांच्यामार्फत व्यापारी व कारागीर यांना कौल देऊन, ठराविक मुदतीची करमाफी व घरबांधणीस जागा देऊन, पेठ वसविली जाई. पुण्यातील अनेक पेठांना वारांची नावे मिळाली. ग्रामीण भागात मात्र कायम दुकानांपेक्षा आठवडे बाजाराचे महत्त्व अधिक होते. आसपासच्या गावांचे बाजार वेगवेगळ्या वारी भरत असल्याने एकच व्यापारी आठवडाभर फिरून अनेक गावांना माल पुरवी. उलट, चार पायल्या धान्य किंवा टोपलीभर भाजी घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यासही बैठकीपुरते शुल्क भरून त्या दिवसाचा विक्रेता होता येई. भांडवलाशिवाय बाजारात प्रवेश, हे आठवडे बाजाराचे मुख्य वैशिष्ट्य होय.

बांधीव मंडया : १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात नगरपालिकांनी बाजार छपराखाली आणण्यास प्रारंभ केला. रोगराईचे भय, मांस व मासळी यांच्या विक्रीतील अस्वच्छता आणि रस्त्यावरील गर्दी ही त्यामागील कारणे होती. मुंबईचे नगरपालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावाने ओळखली जाणारी मंडई १८६९ मध्ये पूर्ण झाली. तिचा आराखडा विल्यम एमर्सन यांचा असून प्रवेशद्वारावरील शिल्पपट्ट लॉकवुड किपलिंग यांनी तयार केले. फळे, भाजीपाला व इतर जिन्नस यांसाठी स्वतंत्र विभाग, उंच छप्पर व खेळती हवा ही तिची वैशिष्ट्ये होत.

पुण्यात शनिवारवाड्यासमोरील मैदानात भरणारा भाजीबाजार हलविण्यासाठी नगरपालिकेने मंडई बांधली. वॉल्टर ड्यूकॅट यांनी आराखडा केलेल्या व वासुदेव बापूजी कानिटकर यांनी बांधलेल्या या वास्तूचे ऑक्टोबर १८८६ मध्ये ‘रे मार्केट’ या नावाने उद्‌घाटन झाले. मध्यभागी अष्टकोनी मनोरा व त्याभोवती विक्रीची दालने अशी तिची रचना आहे. नगरपालिकेचे सदस्य असलेल्या महात्मा जोतीराव फुले यांनी या खर्चास विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, अशी त्यांची भूमिका होती. पुढे याच वास्तूस त्यांचे नाव देण्यात आले. सार्वजनिक पैशातून बाजार बांधताना त्याचा लाभ कोणास मिळतो, हा प्रश्न महाराष्ट्रात अशा प्रकारे आरंभापासूनच विचारला गेला.

घाऊक बाजारांचे नियमन वऱ्हाडात सुरू झाले. कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार स्थापन झाला व १८९७ मध्ये वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा करण्यात आला. मापात होणारी फसवणूक व मनमानी कपाती यांपासून उत्पादकाचे संरक्षण करणे, हा अशा नियमनाचा हेतू होता. स्वातंत्र्योत्तर काळात कृषि-उत्पन्न बाजार समित्यांची रचना १९६३ च्या राज्य अधिनियमाने निश्चित झाली.

आधुनिक कल्पना : आच्छादित बाजारवीथी यूरोपात १९ व्या शतकातच रूढ झाल्या, लंडनमधील बर्लिंग्टन आर्केड १८१९ मध्ये सुरू झाले. तथापि आजच्या संकुलाचे स्वरूप मोटारीने घडविले. मूळचे व्हिएन्नाचे वास्तुविशारद व्हिक्टर ग्रुएन यांनी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिनेसोटा राज्यात, ईडायना येथे, १९५६ मध्ये साउथडेल हे पूर्णपणे बंदिस्त व वातानुकूलित संकुल उभारले. दोन मोठी विभागीय दुकाने, त्यांना जोडणारी छोटी दुकाने, मध्यभागी उजेडाचा चौक आणि बाहेर विस्तीर्ण वाहनतळ, असा हा साचा पुढे जगभर अनुसरला गेला. संकुलाभोवती घरे, शाळा व उद्याने होऊन त्याला गावाच्या चौकाचे रूप यावे, ही ग्रुएन यांची मूळ कल्पना होती. ती प्रत्यक्षात उतरली नाही. दुकाने व वाहनतळ एवढेच शिल्लक राहिल्याने उत्तरायुष्यात त्यांनी अशा संकुलांचे जनकत्व जाहीरपणे नाकारले.

नियोजनाची तत्त्वे : संकुलाच्या जागेची निवड करताना प्रथम त्याचे ग्राहकक्षेत्र ठरवितात. तेथील लोकसंख्या, उत्पन्न, येण्याजाण्यास लागणारा वेळ व जवळचे स्पर्धक बाजार यांवरून विक्रीक्षेत्राचा अंदाज बांधतात. गर्दी खेचणारी मोठी दुकाने शक्यतो परस्परांपासून दूर, दोन टोकांना ठेवतात. त्यामुळे मधल्या छोट्या दुकानांपुढून ग्राहकांची ये-जा होते. मालाची वाहने व ग्राहक यांचे मार्ग वेगळे राखणे आणि आगीच्या वेळी बाहेर पडण्याचे जिने मोकळे ठेवणे आवश्यक असते. भांडुप येथील एका संकुलास मार्च २०२१ मध्ये लागलेल्या आगीत तेथील रुग्णालयातील रुग्णांचा मृत्यू झाला. संकुलाच्या वापरात बदल करताना सुरक्षिततेचा फेरविचार किती अगत्याचा आहे, हे त्यावरून दिसून आले.

मालकीची पद्धतही तितकीच निर्णायक ठरते. सर्व गाळे एकाच मालकाकडे राहून भाड्याने दिल्यास कोणते दुकान कोठे असावे, हे ठरविता येते व सामाईक जागांची निगा राहते. गाळे सुटे विकल्यास बांधणाऱ्याचे भांडवल लवकर मोकळे होते. परंतु पुढे मालक अनेक, दुरुस्तीस कोणी बांधील नाही व काही गाळे केवळ गुंतवणूक म्हणून बंद, अशी अवस्था होते. भारतातील अनेक आरंभीची संकुले याच कारणाने ओस पडली.

महाराष्ट्रातील विकास : महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास योजनांत मंडई व व्यापारी संकुल यांसाठी भूखंड राखून ठेवण्यात येऊ लागले. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या शासकीय महामंडळाने नवी मुंबईची आखणी करताना प्रत्येक उपनगरात, विशेषतः रेल्वे स्थानकालगत, व्यापारी केंद्रासाठी जागा ठेवली. मुंबईच्या दाट वस्तीतील घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशी परिसरात नेण्यात आले. क्रॉफर्ड मंडईतील फळांचा घाऊक व्यापार १९९६ मध्ये तेथे गेला. बाजार हलविणे म्हणजे व्यापारी, अडते व माथाडी कामगार या सर्वांची उपजीविका हलविणे, हे या स्थलांतराने स्पष्ट केले.

खाजगी संकुलांचे पर्व १९९९ मध्ये मुंबईत ताडदेव येथील ‘क्रॉसरोड्स’ने सुरू झाले. प्रारंभी तेथे गर्दी आवरण्यासाठी भ्रमणध्वनी किंवा क्रेडिट कार्ड बाळगणाऱ्यांस मोफत व इतरांस शुल्क घेऊन प्रवेश देण्यात येई. ही पद्धत टीकेचा विषय झाली व टिकली नाही. मात्र बाजाराचा दरवाजा प्रथमच ग्राहकाची ऐपत पाहून उघडला जात होता, हे तिचे ऐतिहासिक महत्त्व होय.

१९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतील कापड गिरण्यांच्या जमिनींचा प्रश्न तीव्र झाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनुसार अशा जमिनीचे मोकळी जागा, सार्वजनिक गृहनिर्माण व मालक यांत वाटप अपेक्षित होते. २००१ मधील दुरुस्तीने हे वाटप केवळ रिकाम्या जमिनीपुरते सीमित केले व मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. लोअर परळ येथील फीनिक्स मिलच्या आवारातील संकुल हे गिरणगावाच्या या रूपांतराचे ठळक उदाहरण होय. त्यानंतर पुणे, नागपूर, नासिक व औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथेही संकुले उभी राहिली.

घोटीची पेठ : आराखड्याविना केवळ रहदारीने घडलेल्या पेठेचे घोटी हे बोलके उदाहरण आहे. थळ घाट चढून आलेला लोहमार्ग १८६५ मध्ये इगतपुरीपर्यंत पोहोचला. नासिकच्या दिशेने घोटी हे त्यापुढील स्थानक. मुंबई–आग्रा रस्ताही येथूनच जातो आणि सिन्नर, भंडारदरा व वैतरणा या दिशांचे रस्ते त्यास येथे मिळतात. इगतपुरी तालुक्यात पाऊस विपुल असल्याने भात हे मुख्य पीक. साहजिकच घोटीस भात सडण्याच्या गिरण्या, धान्याचा व्यापार व बाजार समिती यांची वाढ झाली. आठवडे बाजारास डोंगराळ भागातील महादेव कोळी, ठाकर इ. समाजांचे शेतकरी भात, नागली, वरई, खुरासणी व हंगामी रानभाज्या घेऊन येतात आणि मीठ-मिरची, तेल, कापड, अवजारे व पावसाळ्याची बेगमी घेऊन परततात. येथे एकच व्यक्ती सकाळी विक्रेती व दुपारी ग्राहक असते. ग्राहकक्षेत्राच्या रूढ गणितात या दुहेरी भूमिकेस स्थान नाही.

रस्त्याने घडविलेली पेठ रस्ता बदलला की अडचणीत येते. मुंबई–नासिक महामार्गाच्या चौपदरीकरणाने दूरच्या वाहनांना वाटेतील गावांत थांबण्याचे कारण कमी झाले. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गाचा शिर्डी–भरवीर टप्पा मे २०२३ मध्ये, भरवीर–इगतपुरी टप्पा मार्च २०२४ मध्ये व इगतपुरी–आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. यांतील भरवीर हे इगतपुरी तालुक्यातीलच गाव आहे. प्रवेशनियंत्रित महामार्गावर केवळ ठराविक ठिकाणीच चढता-उतरता येत असल्याने नवा व्यापार त्या ठिकाणी एकवटण्याचा संभव असतो, आणि तेथील जमीन डोक्यावर टोपली घेऊन येणाऱ्या विक्रेत्याच्या आवाक्यातील नसते. शहरी पथविक्रेत्यांसाठी २०१४ च्या केंद्रीय अधिनियमाने परंपरेने भरणाऱ्या ‘नैसर्गिक बाजारां’ची दखल घेतली, ग्रामीण आठवडे बाजाराची भिस्त मात्र प्रामुख्याने स्थानिक संस्थेने राखलेल्या जागेवर असते.

मूल्यमापन : संकुलांनी स्वच्छता, निवारा, निश्चित किंमत व स्त्रिया-मुलांना निर्धास्त वावर या सोयी दिल्या, जुन्या बाजारात त्यांची उणीव होती, हे मान्य करावे लागते. उलट, गाळ्याची पागडी किंवा अनामत भरू न शकणारा उत्पादक त्यांच्या बाहेर राहिला. छपराखालील ओटे, पाणी, स्वच्छतागृहे, मालवाहनांसाठी वेगळी जागा व जवळ बसथांबा एवढ्या सोयी पुरविल्यास आठवडे बाजारालाही नियोजनाचे लाभ देता येतात. त्यासाठी दिवसाच्या शुल्कावर बसण्याची वहिवाट मोडावी लागत नाही. घोटीसारख्या पेठांच्या विकासात गाळ्यांच्या संख्येइतकाच या ओट्यांचाही विचार होतो की नाही, यावर डोंगरातून येणाऱ्या विक्रेत्याचे बाजारातील स्थान अवलंबून राहील.