एक कारकून, तीन शिपाई आणि प्लेगची लस

🧵 महामारीचा इतिहास लिहिताना आपण रुग्ण मोजतो, मृत्यू मोजतो, लसीच्या मात्रा मोजतो. प्रयोगशाळेतला थकवा मात्र कोणी मोजत नाही. १८९६च्या मुंबईतील ही त्याची कहाणी.

१/ सप्टेंबर १८९६. मांडवी भागातील रुग्णांना ब्युबॉनिक प्लेग झाल्याचे निदान मूळ गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी केले. काही आठवड्यांतच शहर भयग्रस्त झाले आणि लोक मुंबई सोडू लागले.

२/ कलकत्त्यात पटकीच्या लसीवर काम करणारे वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबरमध्ये मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाली एक खोली आणि एक व्हरांडा. मनुष्यबळ म्हणाल तर एक कारकून आणि तीन शिपाई.

३/ प्लेगचा जंतू हाँगकाँगमध्ये सापडून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. उंदरावरील पिसवांमधून तो पसरतो, हा शोध पॉल-लुई सिमोंद यांनी १८९८ मध्ये लावला. म्हणजेच जंतूंनी भरलेले चंबू हाताळणाऱ्यांना मृत्यू नेमका कोणत्या वाटेने येतो, हेही ठाऊक नव्हते. प्रतिजैविके तर अजून कित्येक दशके दूर होती.

४/ काम कष्टाचे होते. मांसरसात जंतू वाढवायचे. वर तुपाचे थेंब सोडायचे, म्हणजे त्यांना लटकून जंतूंची वाढ खाली झुंबरासारखी उतरते. चंबू हलवून ती पाडायची आणि नव्याने वाढू द्यायची. असे आठवडेच्या आठवडे. शेवटी उष्णतेने जंतू मारून त्यात कार्बोलिक आम्ल मिसळायचे. एक चूक झाली, तर सारी मेहनत वाया.

५/ बाहेर प्रेतयात्रा थांबत नव्हत्या आणि आत विश्रांती नव्हती. मदतनिसांपैकी एक जण मानसिकदृष्ट्या कोलमडला, दोघे काम सोडून गेले. प्रचलित इतिहासकथनात त्यांची नावे आढळत नाहीत. पळून गेलेले भित्रे म्हणून त्यांच्याकडे पाहण्याआधी तो व्हरांडा डोळ्यांसमोर आणावा.

६/ १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या, पण ते सावरले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या बंदिवानांवर चाचणी झाली. लस उपयोगी ठरली.

७/ यशाने ताण हलका झाला नाही, उलट वाढला. मागणी देशभरातून येऊ लागली. जागा बदलत बदलत १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. तीच आजची हाफकिन संस्था.

८/ मग ३० ऑक्टोबर १९०२ उजाडला. पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली होती.

९/ बोट तत्काळ परळकडे वळले. पंजाबची प्रचंड मागणी पुरवण्यासाठी लस बनवण्याची पद्धत बदलून कार्बोलिक आम्ल वगळले होते, त्यावर ठपका आला. हाफकिन यांना पद सोडावे लागले. वस्तुतः गावात ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीवर नीट निर्जंतुक केला गेला नव्हता.

१०/ १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून आवाज उठवला. हाफकिन दोषमुक्त झाले, पण परळला संचालक म्हणून पुन्हा आले नाहीत. त्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ मध्ये.

११/ या घटनाक्रमात एक सूत्र दिसते. काम सुरळीत चालले, तर प्रयोगशाळा अदृश्य असते. काही बिघडले की सर्वप्रथम तीच दिसते. घाई सर्वांची असते, पण दोष शेवटच्या सहीचा ठरतो.

१२/ २०२०च्या आरंभी करोनाचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे येऊ लागले, तेव्हा देशाने फक्त अहवालाची वाट पाहिली. पीपीई किट घालून तो अहवाल तयार करणारे तंत्रज्ञ कोणत्या छायाचित्रात दिसले?

१३/ परळला जाल, तेव्हा हाफकिन यांच्यासोबत त्या कारकुनाचे आणि तीन शिपायांचेही स्मरण करा. लसीच्या कुपीत त्यांचीही झोप विरघळलेली होती.