भात्याचा श्वास आणि पंख्याचा आवाज

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्याचा सूरजागड डोंगर हेमॅटाइट या तांबूस लोहखनिजासाठी ओळखला जातो आणि परिसरातील माडिया गोंडांसाठी तो ठाकूरदेवाचा डोंगर आहे. या भागातील लोखंडाविषयी जे लिहिले गेले, त्यात खनिज किती आणि कोळसा कुठला हे दोनच प्रश्न पुन्हापुन्हा आले. भट्टीत जाणाऱ्या वाऱ्याकडे मात्र फारसे कोणी वळले नाही. वास्तविक लाकडी कोळशातील एक किलो कार्बन जळून त्याचा कार्बन मोनॉक्साइड वायू व्हायचा असेल, तर साडेपाच किलोंहून अधिक हवा लागते, म्हणजे वजनाच्या हिशोबाने जुन्या लोहाराने जे काही भट्टीत घातले त्यात हवेचाच वाटा सर्वांत मोठा होता. हवा फुकट मिळते, ती हलवणे मात्र कधीच फुकट नसते; पायाने दाबलेल्या भात्यापासून संगणकाच्या पेटीतील पंख्यापर्यंतचा इतिहास हा त्या हलवण्याच्या किमतीचा इतिहास आहे.

विदर्भात हा खटाटोप किती जुना आहे याचा पुरावा सूरजागडपासून बराच दूर, नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे मिळाला. शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या मार्गदर्शनाखाली 1978 ते 1980 या काळात तेथे उत्खनन झाले आणि महापाषाणीय संस्कृतीच्या, म्हणजे मृतांवर मोठ्या शिलांची वर्तुळे रचणाऱ्या लोकांच्या, वस्तीत लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. तिचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे 700 असा मानला जातो. भट्टीसोबत मातीच्या नळ्याही मिळाल्या. कातड्याचा भाता जमिनीत कुजून जातो, पण त्याचा वारा विस्तवापर्यंत नेणारी नळी भाजून टणक होते आणि मागे उरते. त्यामुळे भात्याची साक्ष पुरातत्त्वज्ञांना बहुधा नळीकडूनच घ्यावी लागते.

या प्रकारच्या भट्टीत लोखंड वितळत नसे. शुद्ध लोखंडाचा वितळणबिंदू 1538 अंश सेल्सिअस आहे आणि मातीच्या लहान भट्टीत साधारण 1200 अंशांच्या आसपासच पोचता येत असे, परंतु तेवढ्या उष्णतेत कार्बन मोनॉक्साइड खनिजातील ऑक्सिजन ओढून घेतो, दगडाचा अंश कीट होऊन पातळ होतो व खाली वाहतो आणि मागे लोखंडाचा सच्छिद्र गोळा राहतो, तो घणाखाली ठोकून घट्ट केला जाई. यात वाऱ्याचे प्रमाण नाजूक असते. तो कमी पडला तर कीट पातळ होत नाही आणि नळीचे तोंड गोठते. नळीजवळ जादा झाला तर तयार झालेले लोखंड पुन्हा जळते. शिवाय वाऱ्याला कोळसा आणि खनिज यांच्या थरांतून वर चढायचे असते, आणि त्या थरांत भुकटी जास्त असेल तर भाता कितीही दाबला तरी वारा पुढे सरकत नाही. म्हणूनच भट्टी भरण्याआधी बारीक चुरा वेगळा काढावा लागे.

व्हेरिअर एल्विन यांनी 1942 मध्ये अगरिया या लोखंड गाळणाऱ्या जमातीवर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात मैकल पर्वताच्या परिसरातील पायभात्याचे तपशीलवार वर्णन आहे. लाकूड कोरून केलेल्या दोन गोल भांड्यांवर गुरांचे कातडे ताणून बसवलेले असे. कातड्याच्या मध्यावर एक भोक असे, ते टाचेने झाकून दाबले की आतली हवा नळीतून भट्टीत जाई आणि पाय उचलला की वाकवलेल्या बांबूच्या ताणाने कातडे वर येऊन भोकातून नवी हवा आत घेई. दोन भाते एकाआड एक दाबल्यामुळे वारा तुटत नसे. हे काम तासन्‌तास चाले आणि दाबणाऱ्याच्या पायांची लय मंदावली तर ते सर्वांत आधी आवाजावरून कळे. भात्याचा आवाज हा त्रास नव्हता, ते कामाचे मोजमाप होते.

त्या वेळच्या चांदा (आजच्या चंद्रपूर-गडचिरोली) जिल्ह्यातील देशी भट्ट्या 19 व्या शतकात चालू होत्या, परंतु रेल्वेने येणारे स्वस्त विलायती लोखंड आणि 1878 च्या वन कायद्यानंतर कोळशासाठी लाकूड तोडण्यावर आलेली बंधने यांनी त्या विझवल्या. त्याच सुमारास मोठ्या भांडवलाची नजर येथे वळली. फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोहउद्योगाच्या आर्थिक शक्यतांविषयीचा अहवाल 1882 मध्ये जमशेटजी टाटा यांच्या वाचनात आला आणि तेथील लोहारा गावच्या खनिजाला वरोऱ्याच्या कोळशाची जोड देण्याचा विचार त्यांनी सुरू केला. तो कोळसा जर्मनीत तपासला गेला आणि निकामी ठरला. पुढे 1904 मध्ये सी. एम. वेल्ड या भूवैज्ञानिकाने या भागाची पाहणी केली, तेव्हा लोहाऱ्याचे खनिज उत्तम असले तरी मोठ्या कारखान्याला पुरेल इतके नाही असे दिसले. नागपूरच्या संग्रहालयातील भूशास्त्रीय नकाशाने शोधाची दिशा दुर्ग जिल्ह्याकडे वळवली आणि अखेर कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला. चांद्याच्या वाट्याला पोलादाऐवजी एक अहवाल आला, असे म्हटले तर फार वावगे होणार नाही.

सूरजागडचा खाणपट्टा 2007 मध्ये दिला गेला, उत्खनन 2016 मध्ये सुरू झाले आणि खंडानंतर 2021 पासून ते पुन्हा चालू झाले. येथील खनिज ज्या घुग्गुसच्या कारखान्याकडे गेले, तेथे स्पंज आयर्न बनते. हे लोखंड कोळशाच्या सान्निध्यात, न वितळवता खनिजातून काढले जाते, त्यामुळे ते तत्त्वतः नायकुंडच्या भट्टीचेच नातेवाईक ठरते. कोळशावर चालणाऱ्या अशा कारखान्यांत आडव्या, सावकाश फिरणाऱ्या नळकांड्याच्या कवचावर ठिकठिकाणी विजेचे पंखे बसवलेले असतात आणि कुठल्या टप्प्यावर किती हवा सोडायची हे ठरवून आतील तापमान राखले जाते. पायांची जागा मोटारीने घेतली, नळी मात्र राहिली.

विस्तव फुलवण्यासाठी हलवलेला वारा आणि अंग निववण्यासाठी हलवलेला वारा यांची परंपरा वेगळी आहे. विंझणा, चवरी, छताला टांगून दोरीने ओढायचा कचेरीतील कापडी पंखा या सर्वांचे सूत्र एकच होते: मोठा पृष्ठभाग सावकाश हलवायचा. भात्याला दाब हवा असतो, कारण त्याच्या वाटेत अडथळा असतो. विंझण्यासमोर मोकळी हवा असते, म्हणून त्याला दाबाची गरज नसते आणि तो जवळजवळ निःशब्द राहू शकतो. संगणकाचा पंखा या दोन घराण्यांच्या मधोमध जन्मला. काम विंझण्याचे, पण जाळ्या, गाळण्या आणि धातूच्या दाट पात्या वाटेत असल्यामुळे अडचण भात्याची.

आरंभी घरगुती संगणकांना पंखा असावाच असे नव्हते. 1977 चा ॲपल टू आणि 1984 चा पहिला मॅकिंटॉश पंख्याविना चालत. याउलट 1981 च्या आयबीएम पीसीमध्ये वीजपुरवठ्याच्या डब्यात पंखा होता आणि पेटीतील गरम हवाही तोच बाहेर काढी. 1993 मध्ये पेंटियम आल्यावर मुख्य चिपवर वेगळा पंखा बसवणे रूढ झाले आणि त्यानंतर दशकभर लहान, वेगवान आणि कर्कश पंख्यांची संख्या वाढत गेली. शांत पंख्याची मागणी या गोंगाटातून पुढे आली. हौशी लोकांनी पहिला उपाय शोधला तो साधा होता: 12 व्होल्टच्या पंख्याची दुसरी तार जमिनीऐवजी 5 व्होल्टला जोडली की त्याला फरकाचे 7 व्होल्टच मिळत आणि तो मंद फिरे.

हा उपाय इतका परिणामकारक का ठरला, याचे उत्तर पंख्याच्या नियमांत आहे. हवेचे प्रमाण फेऱ्यांच्या सम प्रमाणात बदलते, दाब त्यांच्या वर्गाच्या आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. आवाज तर फेऱ्या निम्म्या केल्यास सुमारे 15 डेसिबलने उतरतो, आणि 10 डेसिबलचा उतार कानाला निम्मा वाटतो. तसाच दुसरा पंखा शेजारी बसवला तर आवाज केवळ 3 डेसिबलने वाढतो. त्यामुळे एक पंखा जोरात फिरवण्यापेक्षा दोन सावकाश फिरवणे केव्हाही शहाणपणाचे. आकाराचा लाभ याहून मोठा आहे, कारण समान फेऱ्यांत हवा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते; 80 मिलिमीटरच्या पंख्याला 2400 फेऱ्यांत जेवढी हवा हलवता येते, तेवढीच 120 मिलिमीटरचा तसाच पंखा हिशोबाने 700 च्या थोड्या वर फेऱ्यांत हलवतो. कचेरीच्या कापडी पंख्याचे जुनेच गणित येथे परत आले.

मात्र मंद पंखा दाबात दुबळा असतो, आणि भुकटीने गच्च झालेल्या भट्टीसमोर भात्याचे जे होते तेच दाट गाळणीसमोर त्याचे होते. म्हणून पंख्याची निवड वाऱ्याची वाट पाहून करावी लागते. पेटीच्या मागच्या मोकळ्या जाळीवर भरपूर हवा टाकणारी पाती चालतात. पुढच्या गाळणीमागे रुंद पात्यांचा, चौकटीशी कमी फट ठेवणारा, दाब टिकवणारा पंखा लागतो. पात्यांची संख्या बहुधा 7 किंवा 9 अशी विषम आणि मागचे टेकू 4 असतात, यालाही कारण आहे: सर्व पाती एकाच क्षणी टेकूंसमोर आली तर त्यांचे ठोके एकत्र होऊन सूर उमटतो. हा सूर टाळणे म्हणजेच जुळवणी. एखादी पेटी ठराविक फेऱ्यांना गुणगुणू लागते, तेव्हा तो पट्टा वगळून पंख्याचा आलेख, म्हणजे कुठल्या तापमानाला किती वेग हे ठरवणारी रेषा, आखायचा, आणि तापमान क्षणभर चढले की लगेच वेग न वाढवता काही सेकंदांची सवलत द्यायची, कारण कानाला स्थिर आवाजापेक्षा बदलता आवाज अधिक टोचतो.

गडचिरोली-चंद्रपूरच्या हवामानात यात एक दुरुस्ती करावी लागते. पंखा कुठल्याही भागाला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. 22 अंशांच्या खोलीत 67 अंशांवर राहणारी चिप 42 अंशांच्या खोलीत त्याच वेगाला 87 अंशांवर जाते, आणि थंड देशांत आखलेला शांत आलेख मे महिन्यात निरुपयोगी होतो. अर्थात त्या महिन्यात कूलर खोलीत असा घोंघावत असतो की संगणकाची शांतता तपासायची सोय उरत नाही. ती कसोटी पावसाळ्याच्या किंवा थंडीच्या रात्रीची. 2011 च्या संग्राम योजनेने ग्रामपंचायतींत संगणक पोचवले, त्यांच्यासमोर या भागात धूळ हा उष्णतेइतकाच मोठा प्रश्न असतो. आत हवा ढकलणारे पंखे बाहेर काढणाऱ्यांपेक्षा किंचित भारी ठेवले तर पेटीत दाब राहतो आणि हवा फटींतून न शिरता गाळणीतूनच येते. पण ती गाळणी झाडली गेली नाही, तर तीच अडथळा होते. छताचा पंखा विजेचा दाब पडला की मंदावतो, संगणकाचा मंदावत नाही, कारण वीजपुरवठ्याचा डबा त्याला 12 व्होल्ट कायम देत राहतो.

आजच्या पंख्याला चार तारा असतात. दोन विजेच्या, एक वेग ठरवणारी, जिच्यावरून संदेशाचे ठोके सेकंदाला सुमारे 25 हजार वेळा, म्हणजे माणसाच्या ऐकण्याच्या मर्यादेपलीकडे, जातात, आणि उरलेली तार दर फेरीला दोन ठोके उलट पाठवते. पंखा इतका शांत झाला आहे की तो थांबला तर कानाला कळत नाही, म्हणून भात्याजवळ बसून त्याची लय ऐकणाऱ्याचे काम आता या चौथ्या तारेकडे आहे.