देशमुख, चिंतामण द्वारकानाथ

(१४ जानेवारी १८९६ – २ ऑक्टोबर १९८२). संस्कृत कवी, मेघदूताचे मराठी अनुवादक, अमरकोशाचे संपादक आणि भारताचे अर्थमंत्री. घराणे रोह्याचे, जन्म रायगड किल्ल्याजवळील नाते (ता. महाड) या गावी. वडील द्वारकानाथ गणेश वकिली करीत; आईचे नाव भागीरथीबाई. बालपणाची बरीच वर्षे रोह्यात गेली. १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूशास्त्र घेऊन १९१७ मध्ये पदवी मिळवली. १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेतही त्यांचा पहिला क्रमांक आला.

रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर (१९४३–४९). १९५२ च्या निवडणुकीत ते कुलाबा (आताचा रायगड जिल्हा) मतदारसंघातून, म्हणजे आपल्याच मुलखातून, लोकसभेवर गेले. १९५० पासून ते अर्थमंत्री होते. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करण्याच्या निर्णयाविरुद्ध त्यांनी जुलै १९५६ मध्ये राजीनामा दिला. मराठी माणसाच्या मनात त्यांचे स्थान मुख्यतः यामुळे पक्के झाले. नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद (१९६२–६७) त्यांनी सांभाळले.

या कारकिर्दीमुळे त्यांचे वाङ्मय झाकले गेले, आणि तो त्यांच्यावर अन्यायच आहे. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी केलेला पद्यानुवाद मूळ मंदाक्रांता वृत्तातच आहे. या वृत्ताच्या प्रत्येक चरणात सतरा अक्षरे; चौथ्या व दहाव्या अक्षराशी यती. प्रारंभीची चार अक्षरे गुरू, लगेच पाच लघू, म्हणजे चाल आधी संथ आणि मग एकदम धावती. संस्कृत समासात चार-पाच शब्द जिथे एकत्र बसतात तिथे मराठीला प्रत्यय आणि क्रियापदे लागतात. त्यामुळे अर्थ न सांडता तेवढ्याच अक्षरांत श्लोक बसवणे हे कसोटीचे काम ठरते.

मराठीकडून संस्कृतकडेही त्यांची लेखणी तितक्याच सहजतेने वळे. गांधीजींच्या शंभर वचनांना श्लोकरूप देणारी ‘गांधीसूक्तिमुक्तावली’ १९५७ मध्ये, तर स्वतंत्र रचनांची ‘संस्कृत काव्यमालिका’ १९६८ मध्ये आली. इथे तुलना सुचते ती विनोबा भाव्यांशी: देशमुखांहून अवघ्या चार महिन्यांनी मोठे असलेले विनोबा रोह्याशेजारच्या पेण तालुक्यातील गागोद्याचे. त्यांनी गीताईच्या रूपाने संस्कृत गीता मराठीत घराघरांत नेली. विनोबांचा श्रोता सामान्य माणूस होता. देशमुखांनी संस्कृत जाणणारा रसिक समोर ठेवला. त्यांचा वाचकवर्ग मर्यादित राहिला तो त्यामुळेच.

त्यांचे विद्वत्तेचे सर्वांत मोठे काम अखेरच्या काळातले: १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेली अमरकोशाची सटीप आवृत्ती. अमरसिंहाचा हा कोश तीन कांडांचा, पर्यायशब्द श्लोकांत गुंफलेला. पाठशाळांतील मुले तो अर्थ कळण्याआधीच मुखोद्गत करीत. वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी देशमुखांनी त्याची आवृत्ती अभ्यासकांच्या हाती दिली. ‘द कोर्स ऑफ माय लाइफ’ (१९७४) हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र.

१९५३ मध्ये त्यांचा विवाह संविधान सभेच्या सदस्य व समाजसेविका दुर्गाबाई यांच्याशी झाला. १९५९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार व १९७५ मध्ये पद्मविभूषण असे सन्मान त्यांना मिळाले. रोह्यातील वाणिज्य महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.