बेरेटा १९३४ आणि त्याचे आखूड काडतूस

उत्तर इटलीतील ब्रेशा शहराच्या वर, मेल्ला नदीच्या खोऱ्यात गार्दोने हे गाव आहे. डोंगरात लोहखनिज, भट्ट्यांना कोळसा पुरवणारे जंगल आणि घण चालवणारे पाणी एकाच जागी मिळाल्याने येथे बंदुकीच्या नळ्या घडवण्याचा धंदा रुजला. १५२६ मध्ये बार्तोलोमेओ बेरेटा या कारागिराने व्हेनिसच्या शस्त्रागाराला १८५ नळ्या २९६ डुकाटांना विकल्या. त्याच घराण्याच्या कारखान्यात पुढे ‘मॉडेल १९३४’ हे खिशात मावणारे लष्करी पिस्तूल तयार झाले.

त्याआधी इटालियन सैन्याकडे १९१० चे ग्लिसेंती होते. त्याचे काडतूस मापाने जर्मन नऊ मिलिमीटर पॅराबेलमसारखेच, पण दारूचा भार कमी. दिसायला सारखी आणि जोराला वेगळी अशी दोन काडतुसे वापरात असणे धोक्याचेच होते. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, बेरेटाचे पहिले अर्धस्वयंचलित पिस्तूल आले. तुल्लिओ मारेंगोनी या अभियंत्याने त्याच धाग्यावर काम करत १९३४ चा नमुना सिद्ध केला. सैन्याला जर्मन वाल्थर पीपी आवडू लागले होते. हा नमुना म्हणजे त्याला बेरेटाने दिलेले उत्तर.

पिस्तुलाची सारी रचना काडतुसावरून ठरली. अमेरिकी संशोधक जॉन ब्राउनिंगच्या या काडतुसाला कोल्टने १९०८ मध्ये बाजारात आणले. इटलीत ते ‘नऊ कोर्तो’, म्हणजे नऊ आखूड. पितळी टोपण १७ मिलिमीटर लांब, पॅराबेलमचे १९. गोळी साधारण सहा ग्रॅमची. जोर बेताचा असल्याने गोळी सुटेपर्यंत नळी आणि स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) एकमेकांत अडकवून ठेवण्याची गरज नाही. स्लाइडचे वजन आणि स्प्रिंग एवढ्यावर भागते. धक्क्याने स्लाइड मागे जाते, रिकामे टोपण बाहेर पडते, घोडा चढतो आणि परतताना पुढचे काडतूस नळीत सरकते. प्रत्येक गोळीसाठी चाप मात्र पुन्हा ओढावा लागतो.

भाग थोडे, म्हणून बिघाडही थोडा. स्लाइडचा माथा उघडा असल्याने टोपण सहसा अडकत नाही. मुठीत सात काडतुसांचे मॅगझिन बसते, त्याच्या तळाला करंगळी टेकायला ओठ असतो. लांबी सुमारे १५ सेंटिमीटर, वजन पाऊण किलोच्या आत. उणिवाही आहेत. सुरक्षेची कळ फक्त चाप अडवते, घोडा नाही. शेवटच्या गोळीनंतर मॅगझिनच स्लाइडला मागे रोखून धरते, त्यामुळे ते काढताच स्लाइड पुढे येते आणि नवे भरल्यावर ती पुन्हा ओढावी लागते. घाईच्या वेळी हे गैरसोयीचेच.

त्या काळच्या पिस्तुलांवर इसवी सनाशेजारी फासिस्ट राजवटीचे वर्ष रोमन आकड्यांत कोरलेले असे. १९३७ जवळ पंधराचा आकडा दिसतो. भारताच्या इतिहासात हे शस्त्र एका हत्येने शिरले. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत पुण्याच्या नथुराम गोडसेने महात्मा गांधींवर याच नमुन्याच्या, ग्वाल्हेरहून मिळवलेल्या पिस्तुलातून तीन गोळ्या झाडल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटालियन सैन्याला पॅराबेलमच्या ताकदीचे पिस्तूल हवे होते. तेवढा जोर नुसत्या स्प्रिंगवर पेलणे कठीण, म्हणून बेरेटाच्या १९५१ च्या नमुन्यात नळी-स्लाइड अडकवणारा ठोकळा आला. उघड्या माथ्याची स्लाइड तशीच राहिली, आणि पुढे अमेरिकी सैन्याने १९८५ मध्ये स्वीकारलेल्या बेरेटा ९२ मध्येही ती दिसते.